पिंपळोशीची ज्योत

“वस्ताद, औंदा पलटण लुगड्यात आणलीसा व्हय?”

पन्हाळ्यावर शिवाजी मंदिरासमोर उजाडायच्या आतच गर्दी झाली होती. गावोगावची पोरं आपापल्या मशाली घेऊन ओळीनं उभी होती. त्यातल्याच एकानं, मिसरूडही न फुटलेल्या पोरानं, माझ्या वडिलांना हा प्रश्न केला. आबांनी मान वळवली नाही. उत्तर माझी मैत्रीण छबू हिनं दिलं.

“तुमच्या चड्ड्यांपरीस आमची लुगडी बरी. पळताना एका हातानं धरून ठेवावी लागत न्हाईत!”

सगळी ओळ हसली. त्या पोरानं नकळत आपली चड्डी वर ओढली, तेव्हा तर मंदिराचे पुजारीही हसले. आबांची फक्त मिशी हलली. ते आमच्या पिंपळोशीच्या तालमीचे वस्ताद होते आणि चारचौघांत हसणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

तेव्हा शिवजयंती तिथीनं व्हायची, वैशाखात, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. आमच्या भागातल्या गावांची रीत अशी की आदल्या संध्याकाळी गावची पोरं पन्हाळ्यावर जायची, पहाटे मंदिरातल्या ज्योतीवर आपली मशाल पेटवायची आणि डोंगरवाटेनं पळत पळत ती गावात आणायची. अनवाणी. एक दमला की दुसऱ्यानं घ्यायची. मशाल जमिनीला टेकता कामा नये, थांबता कामा नये, विझता कामा नये. दुपारी गावात शिवाजीमहाराजांचा पाळणा व्हायचा, त्याआधी ती पोचली पाहिजे. आणि तालमीचा एक कायदा होता. ज्याच्या हातून मशाल विझेल, त्यानं जन्मात पुन्हा मशालीला हात लावायचा नाही.

त्या साली पंचाईत अशी झाली की तालमीतला हिंदुराव पैलवान नेमका आदल्या दिवशी कराडकडे लग्नाला उभा राहिला. मुहूर्त मुलीकडच्यांनी धरलेला. तालमीतली झाडून सगळी तरणी पोरं वऱ्हाडात गेली. वैशाखातलं लग्न, त्यात पैलवानाचं, त्यात जिलेबी. कोण मागं राहील?

“औंदा ज्योत न्हाई,” आबा जेवताना म्हणाले होते.

“का न्हाई? आम्ही पोरी आणतो,” मी म्हणाले.

आईचा भाकरी थापता हात थांबला. आबांनी घास खाली ठेवला.

“शाळंच्या मैदानावर पळणं येगळं, आन मसाईचं पठार येगळं.”

“मैदानावर मीच पैला आलतो की.” आमच्याकडे बायापोरीसुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुढं शिक्षिका झाल्यावर मी ‘आले, गेले’ लिहायला शिकले, पण चिडले की अजून ‘आलो’च येतं तोंडात.

“मैदानावर वारं नसतं,” आबा म्हणाले.

“मग वाऱ्यात पळून दावतो.”

आबांनी ताट बाजूला सारलं. त्यांना ठाऊक होतं मी नुसत्या ज्योतीचं बोलत नाहीये. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन बसले होते. आमच्या शाळेतल्या कवायतीच्या, ड्रिलच्या बाईंनी डोक्यात भरवलं होतं की कोल्हापूरच्या कॉलेजात पळणाऱ्या मुलींचा संघ असतो, पुढं शिकून आपल्यालाही ड्रिलची बाई होता येतं. आणि इकडं बांबवड्याकडचं एक स्थळ आलं होतं. घरी विहीर, दोन मजली माडी, मुलगा साखर कारखान्यात. आबांनी दोन्हीकडे अजून हो म्हटलं नव्हतं की नाही.

“ऐक अनशे,” ते शेवटी म्हणाले. “पेटती ज्योत पाळण्याआधी गावात आणलीस, तर जूनमधी तुला कोल्हापूरला धाडतो. वाटंत विझली, तर बांबवड्याच्या पाव्हण्यांना होकार कळवायचा. मग रडायचं न्हाई.”

“रडतंय कोण!” मी म्हणाले, आणि परसात जाऊन थोडं रडून घेतलं.

गावात आण्णू तात्यांनी खूप आदळआपट केली. ते तालमीतले सगळ्यांत जुने. “चुलीतला जाळ सांभाळा म्हणावं पोरींनी, मशालीचा नको,” असं ते चावडीवर बोलले. त्यावर आबांनी एवढंच सांगितलं की मी स्वतः बरोबर जातोय.  वस्ताद बरोबर असल्यावर तात्यांना बोलायला जागा नव्हती.

तर अशा आम्ही सातजणी, आयांची जुनी नऊवारी गुडघ्याच्या वर काष्टा मारून नेसलेल्या, त्या ओळीत उभ्या होतो. आबांच्या डोक्याला लाल कोशाचा पटका होता, कुस्त्यांच्या फडात बक्षीस मिळालेला. खांद्यावर आखूड काठीची कावड आणि तिच्या दोन टोकांना वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे. एकात मशालीसाठी करडईचं तेल, दुसऱ्यात आमच्यासाठी ताक. दोन्ही डबे सारखेच, म्हणून आईनं तेलाच्या झाकणावर काजळाचं बोट लावून दिलं होतं.

“तेल पुढं, ताक मागं,” आबांनी निघताना कावड उचलत स्वतःलाच बजावलं.

पुजाऱ्यांनी मंदिरातली ज्योत आमच्या मशालीला लावली. चिंध्या भडकल्या, आणि पहिली मशाल माझ्या हातात आली.

गडावरचं ते पळणं मला अजून पायांनी आठवतं. पेठेतले दगड रात्रीच्या दवानं गार होते. चहाच्या टपरीवर बंब पेटलेले, धुराचा आणि आल्याचा वास. घराघरांतून बाया कळशी घेऊन बाहेर यायच्या, पळता पळताच पायांवर पाणी ओतायच्या. “अगं बया, पोरी हाईत!” अशी आरोळी आमच्यापुढं पळत होती. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढं केला आणि मी थांबले नाही म्हणून ते नाकाला लागलं. धान्याच्या जुन्या कोठारांवरून पळताना छबू ‘जय भवानी’ म्हणाली आणि त्या जाड भिंतींनी ते तिला परत म्हणून दाखवलं. मग राजदिंडीची अरुंद वाट आली, दगडातून उतरणारी. एका वेळी एकीनंच जायचं. मशाल डोक्याच्या वर धरून, कोपर भिंतीला घासत मी उतरले. बाहेर पडले तर खाली सगळा मुलूख धुक्यात बुडालेला, आणि पलीकडे मसाईचं पठार ताटासारखं सपाट वर आलेलं. तेच पार करायचं होतं.

“तोंड मिटून पळ!” मागून आबा ओरडले. “वारं खाऊ नगंस, पुढं लई खायचं हाय!”

आबा आमच्या मागून पळत होते. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर कावड, पण पाय कुठं चुकत नव्हता. उतारावर मशाल आमच्यातल्या नंदाकडे गेली, म्हाळुंग्याजवळ छबूकडे. दर थोड्या वेळानं आबा पुढं येऊन पळता पळताच पुढच्या डब्यातलं तेल चिंध्यांवर ओतायचे. थेंब इकडंतिकडं नाही. वाटेच्या कडेला करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या. छबू एका हातात मशाल धरून दुसऱ्या हातानं करवंदं ओरबाडायची आणि काटा लागला की शिवाजीमहाराजांच्या नावाची आरोळी ठोकायची.

पठाराच्या चढाला लागायच्या आधी एक धनगरवाडा होता. चार-पाच खोपटी. तिथं ठकूबाई नावाची म्हातारी वाटेत उभीच होती, एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात मातीची पणती.

“दर साली पोरं येत्यात. ह्या कुणाच्या ओ?” तिनं आबांना विचारलं.

“ह्या आमच्याच.”

“बरं केलंसा.” छबू जागच्या जागी पाय मारत राहिली, तेवढ्यात म्हातारीनं मशालीवर वाटीतलं तेल ओतलं आणि पणतीची वात तिच्यावर पेटवून घेतली. “आमची म्हस आज व्यायची हाय. पैलारू हाय गं ती, पैलंच बाळतपण, भ्यालीया. गोठ्यात ह्यो दिवा ठेवतो. महाराजांचा उजेड असला म्हंजे सुटंल नीट.”

दिव्यावर पदर धरून ती गोठ्यात गेली, आणि आम्ही चढ चढायला लागलो.

चढ चांगलाच दमवणारा. मशाल पुन्हा माझ्याकडे होती. मध्येच आबांनी खांदा बदलला. कावड मानेमागून फिरवून उजव्या खांद्यावरची डाव्यावर घेतली. हे मी बघितलं होतं. पण त्यात बघण्यासारखं काय होतं? कावडीचा माणूस खांदा बदलतोच.

पठारावर पाय ठेवला आणि वाऱ्यानं तोंडात मारलं. वर एक झाड नाही. ऊन वर आलेलं, वाळलेलं गवत चांदीसारखं पडलेलं, आणि समोर नुसती सपाटी. जाळ आडवा झाला, माझ्या केसांकडे यायला लागला. मी मशाल एका कुशीवर घेतली, अंगाचा आडोसा केला. पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी भिंत करून पळायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जाळ बारीक झाला, पण टिकला.

“तेल!” मी ओरडले.

आबा धापा टाकत पुढं आले. पळता पळताच पुढचा डबा सोडवला, झाकण काढलं आणि सवयीनं चिंध्यांवर धार धरली.

चर्रर्र.

पांढरा धूर निघाला. करपलेल्या कढीचा वास आला. माझ्या मनगटावरून काहीतरी गार, पांढरं ओघळलं. मशाल काळी झाली होती.

आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो. गड सोडल्यापासून पहिल्यांदाच मी मशाल घेऊन थांबले होते. आबा हातातल्या डब्याकडे बघत होते. झाकण त्यांनी डोळ्यांपासून लांब धरलं, आणखी लांब धरलं. त्यावर काजळाचं बोट नव्हतं.

“वस्तादकाका,” छबू हळूच म्हणाली, “कढी केलीसा की ओ.”

एरवी आम्ही हसून हसून पडलो असतो. कुणी हसलं नाही. मी त्या काळ्या चिंध्यांकडे बघत होते, आणि मला बांबवड्याची ती दोन मजली माडी दिसत होती. तिच्या खिडक्यांना गज होते. प्रत्यक्षात मी ती कधी बघितलीही नव्हती.

आबांनी कुडत्याच्या आतल्या खिशात हात घातला. बाहेर आली ती काडेपेटी.

“धर हिकडं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “चिंध्या बदलतो, तेल वततो, पेटवतो. कुणी बघितलं न्हाई. ह्या पोरी काय बोलायच्या न्हाईत.”

पोरी सगळ्या जमिनीकडे बघत होत्या. मला आबांचा भयंकर राग आला. विझवली त्यांनी, आणि लपवायचीही त्यांनाच घाई.

“मग पन्हाळ्यापतूर यायचं कशाला?” मी म्हणाले. “घरात काडी ओढली असती की.”

“अनशे—”

“काडीची ज्योत मी न्हेणार न्हाई आबा.”

“मग काय करतीस? विझलेली न्हेतीस?”

तेव्हा मला ती पणती आठवली.

“ठकूबाईच्या गोठ्यात हाय,” मी म्हणाले. “आपलीच ज्योत हाय ती. आपल्यावरनं तर पेटवली तिनं. मी जातो आन घेऊन येतो.”

“एवढा चढ उतरून पुन्हा चढायचा? सूर्य बघ कुठं आलाय. पाळणा हलंल तवर.”

“मी पळतो आबा.”

 आबांनी एकदा उताराकडे बघितलं. मग त्यांनी काडेपेटी खिशात टाकली आणि दोन्ही हात डोक्याकडे नेले. मला काही कळेना. त्यांनी पटका उलगडला. तो लाल कोशाचा, फडात जिंकलेला, सणावारीच बाहेर निघणारा पटका. त्याचं टोक दातात धरून त्यांनी टर्रकन फाडलं. मशालीवरच्या ताकानं भिजलेल्या चिंध्या सोडून फेकल्या आणि तिथं ते लाल कापड घट्ट गुंडाळलं, कुस्तीआधी लंगोट बांधतात तसं पिरगाळून. दुसरा डबा आधी नाकाशी नेला, वास घेतला, आणि मग तेल ओतलं.

“उतारावर टाच टेकवू नगंस,” एवढंच म्हणाले. “जा.”

मी पळाले.

किती शर्यती पळाले असेन पुढं. छातीवर क्रमांक लावून, पायांत बूट घालून, शिट्ट्या आणि टाळ्यांत. पण तसं पळणं पुन्हा झालं नाही. हातात न पेटलेली मशाल, मागून वारा, आणि पठारावर माझ्याशिवाय कुणी नाही. थोड्या वेळानं राग कुठं गेला कळलं नाही. भीतीही गेली. माझे पाय मला पळवत होते. उतारावर मी दगडावरून दगडावर जात होते, टाच न टेकवता, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. एकटीच, मोठ्यानं. कोल्हापूर नाही, बांबवडा नाही, त्या घटकेला काही नको होतं. फक्त उतार संपू नये.

गोठ्याच्या दारात पोचले तर ठकूबाई आतून ओरडली, “कोण हाय? आत यायचं आसंल तर ये, न्हाईतर उजेड सोड!”

गोठा काळाकुट्ट. कोनाड्यात पणती जळत होती. खाली म्हैस आडवी पडून कण्हत होती आणि म्हातारी तिच्या मागं गुडघ्यावर बसली होती, कोपरापर्यंत हात भरलेले.

“मावशे, दिवा पायजे. आमची मशाल विझली.”

“कशानं?”

“ताकानं.”

ठकूबाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. “ताकानं?”

“मग सांगतो. दिवा दे.”

“दिवा हितनं हलणार न्हाई. म्हस मोकळी हुईस्तवर न्हाई. पाय दिसाय लागल्यात बघ. ती काठी ठेव भितीला, टेकवू नगंस खाली, आन दिवा धर हिकडं.”

मी मशाल वरच्या वाशात खोचली आणि दिवा धरला. बाहेर सूर्य चढत होता, गावात बाया पाळणा सजवत असतील, आणि मी एका घाबरलेल्या म्हशीच्या पाठीशी वाकून उभी होते. उजेड हलत होता.

“हलवू नगंस गं! कुठला पाय कुठला हाय कळंना मला!”

मी श्वास रोखला. म्हातारी म्हशीशी बोलत होती, लेकीशी बोलावं तसं. ये माझे बाई, जरा कळ काढ, झालंच बघ. मग तिनं दोन्ही हातांनी ओढलं, म्हैस हंबरली, आणि एक ओलं, काळं, लांब पायांचं रेडकू गवतावर घसरत आलं. ते हलेना. ठकूबाईनं त्याचं नाक पुसलं, तोंडात बोट घातलं, कानात फुंकलं. रेडकू शिंकलं.

म्हातारी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “रेडी हाय! रेडी झाली गं!”

मीही हसत होते, रडत होते, दिवा मात्र हलू दिला नाही.

“आता ने तुझा जाळ,” ती म्हणाली. “खरवस खायला थांबणार न्हाईस, ठाऊक हाय. पुढल्या साली ये.”

लाल कोशाच्या पटक्यानं पटकन पेट घेतला.

वर पठारावर आबा आणि पोरी जिथं सोडलं होतं तिथंच उभ्या होत्या, उन्हात, हालचाल न करता. मला येताना बघून छबूनं पहिल्यांदा किंकाळी फोडली. त्यानंतर कोण कुठं पळालं हे मला नीट सांगता येत नाही. आम्ही पळत नव्हतोच, उडत होतो. मशाल हातोहात जात होती. नंदा, छबू, मी, पुन्हा नंदा. मसाईच्या देवळापाशी कुणी थांबलं नाही, लांबूनच हात जोडले. आबा उघड्या डोक्यानं मागं धावत होते, आणि दर वेळी तेल ओतायच्या आधी डब्याचा वास घेत होते. ते बघून अखेर छबूला राहवलं नाही, ती फिस्सकन हसली, आणि मग आम्ही सगळ्याच. पळता पळता पोटात कळा येईस्तोवर हसलो. 

गावाच्या शिवेवर हलगी वाजत होती. कराडचं वऱ्हाड त्याच वेळी ट्रकमधून उतरलं होतं, हिंदुराव पैलवान मुंडावळ्या बांधलेला, शेजारी घाबरीघुबरी नवरी. पारावर पाळणा सजलेला, दोरी अजून कुणी ओढली नव्हती. बाया आमच्या पायांवर पाणी घालायला धावल्या. माझी आई सगळ्यांत पुढं होती. तिनं आधी ज्योत बघितली, मग मला बघितलं, मग आबांच्या डोक्याकडे बघितलं आणि तोंडावर पदर घेतला.

आण्णू तात्यांनीही तेच बघितलं. आबांना उघड्या डोक्यानं गावानं कधी पाहिलं नव्हतं.

“वस्ताद,” तात्या पारावरून म्हणाले, “पटका कुठं हाय?”

हलगी थांबली.  वाऱ्यानं उडाला, एवढं म्हटलं की झालं असतं. तात्यांनीसुद्धा मानलं असतं.

आबा पाराच्या पायरीवर चढले.

“तो जळतोय बघा,” त्यांनी मशालीकडे बोट केलं. “ज्योत वाटंत विझली हुती.”

गर्दीतून एक हुंकार गेला. तात्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं नाही. “म्या सांगितलं नव्हतं? कुठल्या पोरीच्या हातनं विझली?”

“माझ्या.”

“आं?”

“माझ्या हातनं. खांदा बदलला, डबं फिरलं, आन मी तिच्यावर ताक वतलं.”

 मग वऱ्हाडाच्या ट्रकाजवळ ती नवी नवरी, मुंडावळ्यांच्या आडून, खुदकन हसली. तिथून ते हसू जे पसरलं ते पाराला वळसा घालून परत आलं. आबा थांबले. हसू सरेपर्यंत थांबले. मग खिशातून त्यांनी चष्मा काढला. हिवाळ्यात कोल्हापुरातून करून आणलेला, घरातही दार लावून घालायचा. वस्तादाला चष्मा म्हणजे बैलाला टेकायला काठी, असं ते म्हणायचे. तो त्यांनी सगळ्या गावासमोर नाकावर ठेवला, दोन्ही काड्या कानामागं नीट बसवल्या.

“ह्यो डोळ्यावर असता तर विझली नसती,” ते म्हणाले. “आता कायदा. ज्याच्या हातनं विझली, त्याचा हात पुन्हा मशालीला लागायचा न्हाई. आजपास्नं माझा लागणार न्हाई. पुढल्या साली ज्योत कोण आणणार, ते ही पोर ठरवंल. ही मागं पळत गेली, धनगरवाड्यावरनं तीच ज्योत पुन्हा आणली. माझ्यापाशी विझली, हिच्यापाशी पेटली. बांबवड्याच्या पाव्हण्यांना कुणीतरी सांगा, पोरगी कोल्हापूरला चाललीया.”

एवढं बोलून ते खाली उतरले आणि पाळण्याची दोरी आईच्या हातात दिली.

मी कोल्हापूरला गेले. पळाले, शिकले, ड्रिलची बाई झाले. पुढची कितीतरी वर्षं पिंपळोशीची ज्योत पोरापोरींनी मिळून आणली, आणि ठकूबाईच्या दारात आम्ही दर वर्षी खरवसाची आठवण करून द्यायचो. तिच्या त्या रेडीचं नाव तिनं मशाली ठेवलं होतं. मशालीलाही पुढं रेडकं झाली.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. एकदा आईबरोबर शेंगा फोडत बसले होते आणि त्या दिवसाचं बोलणं निघालं. मी म्हणाले, “आबा किती खरं बोलले गं त्या दिवशी गावासमोर. पण पठारावर आधी काडेपेटीच काढली हुती. लपवायला बघत हुते.”

आई शेंग फोडायची थांबली.

“तुझा बा बिडी वढायचा का गं?”

“न्हाई.”

“मग काडेपेटी खिशात कशाला आली?”

 इतक्या वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं.

“घरनंच घेऊन गेलते,” आई म्हणाली. “चुलीवरची माझी. मला म्हणाले, पठारावरच्या वाऱ्याचा काय भरवसा? विझली तर गुपचूप पेटवतो. कायदा गेला खड्ड्यात, पोरगी जायाचीच कोल्हापूरला.”

आणि तिनं पुढची शेंग फोडली.

आबांनी मशालीला पुन्हा हात लावला नाही. तेलाचा डबाही धरला नाही. पण दर साली ते आमच्या आधी निघून मसाईच्या पठारावर जाऊन थांबायचे, ताकाचा डबा घेऊन. आम्ही दिसलो की चष्मा चढवायचे, झाकण काढायचे, वास घ्यायचे, बोट बुडवून चाटून बघायचे. एवढी सगळी खात्री झाली, की त्या झाडबिन नसलेल्या माळावर, कुणी विचारलेलं नसताना, पार म्हाळुंग्यापर्यंत जावं अशा आवाजात ओरडायचे,

“ताकच हाय गं पोरींनो! प्या!”